रताळ्याला डोळा नसतो

८ सप्टेंबर २००२

काल यांचं वर्षश्राद्ध झालं. पंगत उठल्यावर अमृतने विषय काढला. तो भोसरीला कंपनीत आहे, तिथे दोन खोल्या घेतल्यात. म्हणाला, "आई, एकटी किती दिवस राहणार? रान काकांना वाट्याने दे आणि चल माझ्याबरोबर."

काका म्हणजे यांचा धाकटा भाऊ संपत. तो सुपारी कातरत बसला होता. वर न बघता म्हणाला, "मी करीन. पडीक न्हाई पडू देणार."

मला वाटलं होतं रडू येईल. आलं नाही. मी म्हणाले, मला एक पीक करू द्या, महाशिवरात्रीपर्यंत. पीक आलं तर मी महाळुंग्यातच राहीन आणि रान मीच करीन. नाही आलं तर गाठोडं बांधून भोसरीला येईन, रान भावजींनी करावं. मग माझं काही म्हणणं नाही.

"काय लावणार?" अमृतने विचारलं.

"रताळी."

माझी जाऊ साळू, म्हणजे संपतची बायको, पदर तोंडाला लावून हसली. "आक्का, बटाट्याच्या गावात रताळी? आन खानार कोन, डुकरं?"

संपत म्हणाला, "दादानं उभ्या जल्मात बटाट्याबिगर काय लावलं न्हाई, वहिनी."

ते खरं आहे. पण बटाट्याला फवारणीचा पंप पाठीवर घेऊन फिरावं लागतं, ते मला झेपत नाही. रताळ्याला औषध फार लागत नाही. शिवरात्रीला भीमाशंकरला जाणाऱ्या प्रत्येक माणसाला उपासाला रताळं हवं असतं. एवढं मी बोलून दाखवलं. बटाट्याच्या ओळीत एकटीने बसायला नको वाटतं, हे नाही बोलले.

अमृत कबूल झाला. संपत नुसता हुं म्हणाला.

१५ सप्टेंबर

जुन्नरच्या बाजारात जाऊन बियाण्याची रताळी आणली. अनवरीकडून घेतली. जुन्नरच्या जुन्या पेठेत तिची जागा ठरलेली आहे. पोत्यावर आलं, हळद, सुरण, अळकुड्या, रताळी. आमची वीस वर्षांची ओळख. हे असताना आम्ही तिच्याकडूनच सुरण न्यायचो.

तिने विचारलं, "एवढं पोतंभर? खायला का काय?"

मी म्हणाले, घरी कार्य आहे. का म्हणाले कोण जाणे. रताळी लावणार आहे म्हटलं असतं तर तिने चार गोष्टी सांगितल्या असत्या, आणि मला कोणी शिकवलेलं नको होतं. बियाणं कापण्यात माझा हात गावात सगळ्यांना माहीत आहे.

१९ सप्टेंबर

आज लावण झाली. सकाळपासून ओसरीवर विळी घेऊन बसले. बटाट्याचं बियाणं कापायला आमच्याकडे बायकाच बसतात. प्रत्येक फोडीला डोळा यायला हवा, फोड फार लहान नको, फार मोठी नको. कापलं की राख चोळायची, नाहीतर कुजतं. लग्न होऊन आले त्या वर्षी सासूबाईंनी शिकवलं आणि तिसऱ्या वर्षापासून लोक मला बोलावू लागले. अंधारात बोट फिरवून डोळा सांगते मी.

रताळ्यावर डोळे सापडेनात. बारीक खळगे दिसले, तेच डोळे समजून कापलं. राख भरपूर चोळली. साळू आली होती, ती म्हणाली, "आक्का, हे मेलं आंधळंच दिसतंय." मी म्हणाले, तुला दिसत नाही म्हणून ते आंधळं होत नाही.

संध्याकाळपर्यंत वरंब्यावर सगळ्या फोडी लावून झाल्या. ओळीच्या टोकाला पोचलं की हे नुसतं "हां" म्हणायचे. म्हणजे पाठ सरळ कर, पाणी पी. आज दर टोकाला मी थांबले आणि थांबलेली कळल्यावर पुढे गेले. बाकी दिवस चांगला गेला. एवढं रान एकटीच्या हिकमतीवर लावलं.

२५ सप्टेंबर

पाऊस. काही नाही.

२ ऑक्टोबर

उगवलं नाही. बटाटा एवढ्यात माती फोडून वर येतो. आज उकरून पाहिलं. पहिली फोड हातात आली ती पिठाच्या गोळ्यासारखी फुटली. आंबूस वास. दुसरी तशीच, तिसरी तशीच. चार ओळी उकरल्या आणि मग उकरणं सोडून दिलं.

संपत बांधावर उभा होता. कधी आला कळलं नाही. "काय म्हणतंय?" म्हणाला.

"कुजलं."

तो खाली बसला, एक फोड उचलून वास घेतला, परत ठेवली. "अजून वेळ हाय. बटाटा लावू. बेणं माझ्याकडं हाय." असं म्हणाला.  त्याला रान मिळण्याची घाई झाली आहे, दुसरं काय.

रात्रीचं जेवण गेलं नाही. एक पीक मागितलं आणि पंधरा दिवसांत कुजवलं. भोसरीच्या खोलीला खिडकी आहे का, असं मनात आलं. हे मी इथे लिहिते आहे, कोणाला सांगणार नाही.

४ ऑक्टोबर

मला शाळा नाही. अमृत दुसरीत असताना त्याच्या पाटीशेजारी बसून अक्षरं शिकले. मग तो वरच्या वर्गात गेला की त्याची जुनी पुस्तकं मी वाचायची, असं दहावीपर्यंत चाललं. ती सगळी ट्रंकेत आहेत. आज विज्ञानाचं पुस्तक काढलं. वनस्पतींचा धडा मी कितीदा वाचला असेल. त्यात सरळ लिहिलंय की बटाटा, आलं, सुरण ही जमिनीखाली वाढणारी खोडं आहेत, आणि मुळा, गाजर, बीट, रताळं ही मुळं आहेत, झाडाने अन्न साठवून फुगवलेली.

वाचलं होतं, पण रानात नेलं नव्हतं. बटाटा हे खोड आहे म्हणून त्याला डोळे. डोळा म्हणजे फांदीचा कोंब जिथून निघतो ती जागा. बटाट्याच्या प्रत्येक डोळ्यावर भुवईसारखी एक रेघ असते, ती मी रोज बघत आले. पुस्तक म्हणतं तिथे पान असायचं. मुळाला पान नाही, मग डोळा कुठून येणार? साळू आंधळं म्हणाली ते बरोबरच होतं. तिला मी हे सांगणार नाही.

खरं-खोटं करावं म्हणून एक बटाटा आणि एक रताळं पत्र्यावर उन्हात ठेवलं आहे.

६ ऑक्टोबर

पहाटेच्या एसटीने जुन्नर. उद्या घट बसणार म्हणून अनवरीकडे रताळ्यांची झुंबड होती. गर्दी ओसरल्यावर मी तिला सगळं सांगितलं, कार्याचं खोटं बोलले तेही.

तिने आधी मला पाटावर बसवलं आणि मग पोटभर हसून घेतलं. "या अल्ला. कापून लावली? राख पण चोळली? सरूबाई, मला वाटलं तुमच्याकडं लगीन हाय आन मला बोलावलं न्हाई. दोन दिवस मी रुसून व्हते."

"आता सांग, लावायचं कसं?"

"रताळ्याचा वेल लावायचा. वितीपेक्षा थोडा मोठा तुकडा, शेंड्याकडला. मधला भाग मातीत, दोन्ही टोकं बाहेर. बेणं बाजारात मिळत न्हाई त्याचं, रानातच जितं ठेवावं लागतंय."

"मग आता वेल कुठून आणू?"

"आमचा कासम घटासाठी आजच रताळी काढतोय. वेल म्हशीपुढं टाकणार. त्याच्या आधी गाठ त्याला."

कासम तिचा भाऊ. कुकडीच्या काठी त्याचं रान आहे. मी पोचले तेव्हा अर्धे वेल म्हशींनी खाल्ले होते. उरलेले त्याने स्वतः कापून दिले, ओल्या गोणपाटात बांधून दिले. म्हणाला, "ताई, सावलीत ठेवा, पाणी शिंपडा. आन वेल पसरले की मधूनमधून उचलायचे, हलवायचे. न्हाईतर पेरापेराला मुळं धरत्यात आन रताळं करंगळीएवढं होतंय."

कंडक्टर गोणपाट बघून म्हणाला, "मावशी, चारा टपावर." मी म्हणाले, चारा नाही, बियाणं आहे. तो म्हणाला, "पाल्याचं बियाणं?" सगळी एसटी हसली. मी पण हसले. बऱ्याच दिवसांनी हसले आणि लगेच बरं नाही वाटलं. पण गोणपाट मांडीवर घेऊनच आले.

९ ऑक्टोबर

पुन्हा लावण. बयाबाई आणि अंबाबाई मजुरीला होत्या. दोघी बटाट्याच्या, त्यांना काडी मातीत आडवी दाबायची पटेना. बयाबाई म्हणाली, "सरूबाई, ह्ये लावायचं का पुरायचं?" सांजेपर्यंत निम्मे वेल मान टाकून पडले. कासमने सांगितलं होतं, पडतील, घाबरायचं नाही.

पत्र्यावरचा बटाटा कडेने हिरवा पडू लागलाय. रताळं जसंच्या तसं. खोडाला ऊन मिळालं की हिरवं होतं, मुळाला त्याचं काही नाही. हे पुस्तकात नव्हतं, मी बघितलं.

१५ ऑक्टोबर, दसरा

वेलांनी माना वर काढल्या. सगळ्या नाही, पण बहुतेकांनी. आपट्याची पानं द्यायला संपत आला. पाया पडला, रानावरून गेला, तिथे बराच वेळ थांबला. कशाला थांबला माहीत नाही.

१२ नोव्हेंबर

दिवाळीला अमृत, सूनबाई अक्षदा आणि नात श्रेया येऊन गेले. श्रेया आठ महिन्यांची आहे, तिला रानात सोडलं तर वेलात बसून राहिली. पानांनी वरंबा दिसेनासा झालाय. अक्षदा म्हणाली, "आई, किती गार वाटतं इथे."  अमृत जाताना म्हणाला, "पाला छान आहे. पण खाली काय आहे?"

बटाटा असता तर आता मातीची भर लावली असती. गावातला येणारा-जाणारा सांगतो, भर लाव, वेल झाक. मी उलट वेल उचलते. काठी घालून एकेक ओळ हलवते, पेराला धरलेली मुळं तटतट तुटतात. लोकांना वाटतं मी पीक उपटते आहे.

३ डिसेंबर

दक्षिणेच्या बांधावर विड्यांची थोटकं सापडली. संपत ओढतो तीच विडी. राखेचा एक ढीग पण होता. म्हणजे रात्री येऊन बसतो. दिवसा बघायची लाज वाटते म्हणून रात्री पीक जोखायला येतो काय? विचारणार होते, पण म्हटलं जाऊ दे. बघू दे. चांगलंच दिसतंय.

२१ डिसेंबर

शेजारच्या भागूच्या रानात रानडुकरं पडली. एका रात्रीत बटाटा उलथून टाकला. भागू बांधावर डोकं धरून बसला होता, मी चहा नेऊन दिला. त्या बाजूला तिसऱ्या बांधावर पण नुकसान. आमच्याकडे एक वरंबा विस्कटलेला नाही. डुकराला रताळ्याचा वास लांबून येतो म्हणतात, तरी नाही. यांचं लक्ष आहे असं मला वाटतं. असं लिहायला बरं वाटतं, म्हणून लिहिलं.

साळू विहिरीवर भेटली. "ह्यांना खोकला लागलाय. थंडीत घोंगडं घेऊन मळ्यात जात्यात. मोटर बघायची म्हनं. मोटर काय पळून चालली व्हय?" मी म्हणाले, विड्या कमी करायला सांग.

१४ जानेवारी २००३

संक्रांत. वाण घ्यायला कोणी बोलावत नाही आता, त्यामुळे दिवस मोकळा होता. रानात गेले आणि एक वेल उकरला. उकरायला नको होता. खाली बोटाएवढी चार मुळं. एवढा पाला आणि खाली बोटं.

घरी आल्यावर ट्रंकेतली एक रिकामी पिशवी काढून ठेवली. भोसरीला काय न्यायचं याचा विचार केला. पुस्तकं न्यायची. बाकी काही फारसं नव्हतंच.

१९ जानेवारी

अनवरीला विचारायला गेले. ती म्हणाली, "बोटाएवढी हायत ना? मग हायत. पाणी थोडं तोडा. लई पाणी दिलं की पाला माजतो आन मूळ आळशी होतं. आन उकरू नका सारखं. प्वाराचं पांघरून काढून सारखं बघतं का कोन?"

पाणी तोडलं. संपतला सांगितलं, माझी पाण्याची पाळी या आठवड्याला तू घे. तो म्हणाला, "वहिनी, नक्की?" मी म्हणाले, नक्की. माझ्या पिकाचं मला कळतं.

२५ फेब्रुवारी

आज काढणी सुरू केली. कालच पाला कापून म्हशीला टाकला, शेवटच्या तीन ओळी सोडून. त्या तशाच ठेवल्या आहेत, वेलाच्या बेण्यासाठी.

बटाटा नांगराने काढतात. रताळ्याला नांगर चालत नाही, साल सोलवटली की टिकत नाही. कुदळीने बाजूची माती ढिली करायची आणि हाताने ओढायचं. पहिला बुंधा मी ओढला. आला नाही. बयाबाईने पण हात घातला. दोघींनी ओढल्यावर घड वर आला. लाल, मातीने माखलेली, एकेक मनगटाएवढी, सगळी एका देठाला लटकलेली. बटाटा इकडेतिकडे पसरून असतो, हे सगळं कुटुंब एका जागी.

बयाबाई म्हणाली, "आगं बया."  मी दुसरा बुंधा ओढला. मग तिसरा. दुपारी जेवायचं विसरलो.

ओळीच्या टोकाला पोचले आणि मीच "हां" म्हणाले. मोठ्याने. अंबाबाईला वाटलं तिला म्हणाले, तिने पाणी आणून दिलं.

यांनी हे बघायला हवं होतं. एवढंच.

१ मार्च, महाशिवरात्र

निम्मा माल अनवरीने कालच उचलला. उरलेला घेऊन मी आणि बयाबाई शिनोलीला गेलो. घोडेगावकडून भीमाशंकरला जाणारा रस्ता शिनोलीतूनच जातो. पहाटेपासून जीप, टेम्पो, पायी चालणारे. रस्त्याच्या कडेला तीन दगड मांडले, मोठ्या पातेल्यात रताळी उकडली, आणि कच्ची बाजूला पोत्यावर. वाफ निघाली की लोक थांबायचे.

एक म्हातारा बांधाला टेकून रताळं सोलत होता. अर्धं खाल्लं आणि म्हणाला, "गोड हाय. रेषा न्हाई एक बी. कुनाच्या रानातलं?"

आजवर कोणी असं विचारलं की मी बयाबाईकडे बघायचे, यांचं नाव तिने सांगावं म्हणून; मी नवऱ्याचं नाव घेत नव्हते. बयाबाईने तोंड उघडलं. मी आधी बोलले.

"माझ्या," म्हणाले.

म्हातारा म्हणाला, "मग आनखी दोन दे."

दुपारच्या आत पोती रिकामी झाली. परत येताना बयाबाई जीपमध्ये झोपली. माझा उपास होता, पण भूक नव्हती.

२ मार्च

अमृत एकटाच आला. मला न्यायलाच आला होता, त्याने कबूल केलं. खोलीत एक कॉट वाढवली आहे म्हणाला. मी त्याला रानात नेलं. वरंबे उघडे, तीन ओळी हिरव्या. मग घरी कणगीत ठेवलेली रताळी दाखवली. त्याने एक उचललं, हातात तोललं, खाली ठेवलं. 

"बाबांना खरं वाटलं नसतं," म्हणाला.

"वाटलं असतं," मी म्हणाले.

तेवढ्यात संपत आला. खोकत होता. "वहिनी, दोन ओळीपुरतं वेल मला बी द्या. जूनला लावतो." पुढे म्हणाला, "रानाचं तुमचं तुमी बघा आता. मी न्हाई इचारनार."

संपत असं काही मागेल, असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. मी म्हणाले, "देईन. पण दिवसा उजेडी येऊन न्यायचे भावजी. रात्री माझ्या बांधावर बसून विड्या ओढायच्या नाहीत."

तो माझ्याकडे बघत राहिला. मग अमृतकडे बघितलं. मग हसला, पुन्हा खोकला आला. "न्हाई बसत," म्हणाला. अमृतने त्याला पाणी दिलं आणि त्याच्या पाठीवर हात फिरवत राहिला. काका-पुतण्याचं एकमेकांवर एवढं प्रेम आहे हे मला माहीत नव्हतं.

११ मे

ऊन तापलंय. रानात दुसरं हिरवं काही नाही, फक्त त्या तीन ओळी. बटाट्याचं बेणं असतं तर पोत्यात बांधून कोपऱ्यात ठेवलं असतं आणि कुठेही गेले असते. रताळ्याचं तसं नाही. वेलच बेणं, तो वाळला की पीकच गेलं. सकाळी पाणी, संध्याकाळी पाणी, दुपारी वर पाचटाचं पांघरूण.

डेअरीतल्या फोनवर अमृतचा निरोप आला होता, म्हणून मी त्याला लावला. श्रेया चालायला लागली, म्हणाला. "चार दिवस तरी ये की, आई. उन्हाळ्याची."

"वेलांना पाणी कोण घालणार?"

तो म्हणाला, काकांना सांग. मी म्हणाले, संपतला बटाट्यातलं कळतं, यातलं नाही. शिवाय त्याचा खोकला अजून गेलेला नाही. भागूला वेल हवेत, बयाबाईच्या दिराला हवेत, शिनोलीतून एक माणूस येऊन नाव सांगून गेला. त्या सगळ्यांना मी शब्द दिलाय. जूनमध्ये प्रत्येकाला मी स्वतः कापून देणार आणि कसं लावायचं ते बांधावर उभी राहून दाखवणार.

 मग अमृत म्हणाला, "बरं. मग आम्हीच येतो."

"या," म्हणाले. "रविवारी या. मी सकाळी रानात असेन."